धरणाचा परवाना संपतो तेव्हा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणातल्या मुलांचा पाय घरात ठरत नाही. ओढे तांबड्या पाण्याने फुगतात, खाचरांच्या बांधांवरून पाणी खळाळू लागते आणि त्या पाण्याच्या उलट, वरच्या अंगाला, मासे चढू लागतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोणी वलगणीचे. अंडी घालण्यासाठी ते उथळ, निवांत पाणी शोधत निघालेले असतात. वाटेत एखादा बांध आडवा आला तर मासा उडी मारून पाहतो. नाही जमले तर पुन्हा मारतो. तुमच्यापैकी ज्यांनी हे पाहिले असेल त्यांना ती धडपड ठाऊक आहे.

आता अशी कल्पना करा, की हा मासा बोटभर नसून दीड-दोन हात लांब आणि आठ-दहा किलो वजनाचा आहे. ओढ्याच्या जागी चारशे किलोमीटर लांबीची नदी आहे. मासा समुद्रातून निघून तीनशे किलोमीटर अंतर प्रवाहाविरुद्ध पोहत आला आहे. आणि समोर गुडघाभर उंचीचा बांध नाही, तर ५३ मीटर उंचीचे, म्हणजे सतरा-अठरा मजली इमारतीएवढे धरण उभे आहे. आता उडी मारून काय होणार?

अमेरिकेचा नकाशा उघडा आणि पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवा. ऑरेगन आणि कॅलिफोर्निया ही राज्ये जेथे एकमेकांना भिडतात त्या भागात क्लॅमथ नावाची नदी सापडेल. ती ऑरेगनमधल्या एका मोठ्या सरोवरापाशी सुरू होते, डोंगर कापत कॅलिफोर्नियात उतरते आणि प्रशांत महासागराला मिळते. या नदीवर शंभर वर्षांहून अधिक काळ वर सांगितलेला प्रकार चालू होता. तो कसा थांबला याची ही हकिगत आहे. गंमत अशी, की तो थांबण्याची सुरुवात एका कागदावरची तारीख उलटल्यामुळे झाली.

वीज आणि उंची

प्रथम धरणाची बाजू समजून घेऊ, कारण ती खोटी नाही.

एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलोग्रॅम. एवढे पाणी दर सेकंदाला ५० मीटर उंचीवरून खाली पडत आहे असे समजा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा. १००० × ९.८ × ५० = ४,९०,००० ज्यूल, आणि तेही दर सेकंदाला. म्हणजे ४९० किलोवॉट. टर्बाइन आणि जनित्र यांत काही ऊर्जा वाया जाते, तरी चारशे किलोवॉट हाती लागतात असे धरू. त्यावर ८० वॉटचे पाच हजार पंखे फिरतील. कोळसा जळणार नाही, धूर होणार नाही.

या गुणाकारात दोनच गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत: पाणी आणि उंची. पाणी पाऊस देईल तेवढेच. म्हणून अभियंता उंचीच्या मागे लागतो. क्लॅमथवर वीज कंपनीने अशी चार धरणे उभारली. कोपको क्रमांक १ मधून १९१८ साली वीज मिळू लागली. आपल्याकडचे टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच वयाची. कोपको हे नाव त्या वेळच्या ‘कॅलिफोर्निया ऑरेगन पॉवर कंपनी’च्या आद्याक्षरांवरून पडले. १९२५ साली कोपको क्रमांक २ झाले, १९५८ साली जे. सी. बॉइल आणि १९६२ साली सर्वांत खालचे, सर्वांत उंच असे आयर्न गेट.

यांतले जे. सी. बॉइल विशेष पाहण्यासारखे होते. धरण अवघे २१ मीटर उंच, पण चौघांत सर्वांत जास्त वीज तेच देई. चारही ठिकाणची मिळून क्षमता १६३ मेगावॉट. त्यांतले ९८ एकट्या बॉइलचे. हे कसे? तर धरणाजवळ अडवलेले पाणी कालव्याने डोंगराच्या कडेकडेने पुढे नेले जाई आणि खूप अंतरावर, नदी बरीच खाली उतरलेली असे तेथे, मोठ्या नळांतून एकदम सोडले जाई. गुणाकारातली उंची धरणाची नव्हती, डोंगराची होती. युक्ती नामी खरी. पण कालव्याने पाणी पळवल्यावर मधल्या सुमारे सात किलोमीटर पात्रात नदीच्या नावापुरते पाणी उरे. नदीतल्या जिवांना कालवा उपयोगाचा नसतो.

१६३ मेगावॉट म्हणजे किती? आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. क्लॅमथची चारही धरणे मिळून कोयनेचा बारावा हिस्सा. त्यांची मालक असलेल्या पॅसिफिकॉर्प या कंपनीच्या एकूण विजेत या धरणांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वासावरून घर ओळखणारा मासा

त्या नदीतल्या माशाचे नाव सॅमन. आपल्याकडे हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण ते केवळ म्हणण्यापुरते. रावसाचे आणि सॅमनचे नाते नाही. क्लॅमथमधल्या सॅमनच्या जातींत चिनूक ही सर्वांत मोठी.

चिनूकचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्याखालच्या खडीत होतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडीने झाकते. पिल्ले बाहेर पडली की काही महिने नदीत राहतात, मग प्रवाहाबरोबर समुद्रात जातात. समुद्रात काही वर्षे काढून, चांगली पुष्ट होऊन, ती पुन्हा त्याच नदीत शिरतात आणि बहुतेक वेळा त्याच ओढ्यात पोहोचतात. नदीत शिरल्यावर खाणे जवळजवळ बंद. अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास करायचा, अंडी घालायची आणि मरायचे.

एवढ्या मोठ्या समुद्रातून परतून आपला ओढा त्यांना सापडतो कसा? या प्रश्नामागे आर्थर हॅस्लर हे अमेरिकन शास्त्रज्ञ लागले होते. ते युटा राज्यातल्या आपल्या लहानपणच्या डोंगरात फिरायला गेले असताना, एका धबधब्याजवळ ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास येताच त्यांना बालपणीच्या विसरलेल्या गोष्टी धडाधड आठवू लागल्या. त्यांच्या मनात आले, मला वासाने घर आठवते, तर सॅमनलाही आठवत असेल काय? प्रत्येक ओढ्याची माती वेगळी, झाडपाला वेगळा, तेव्हा पाण्याचा वासही वेगळा असणार.

हॅस्लर आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन विस्बी यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या एका ओढ्याच्या दोन फाट्यांवर परतलेले सॅमन पकडले. अर्ध्या माशांच्या नाकपुड्यांत बोळे घातले, अर्ध्यांना तसेच ठेवले, आणि सर्वांना फाट्यांच्या संगमाखाली नेऊन सोडले. बोळे नसलेले मासे बहुतेक आपापल्या फाट्याकडे गेले. बोळेवाल्यांचा मात्र गोंधळ उडाला. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्यांनी याहून पक्का पुरावा दिला. मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांच्या पाण्यात मॉर्फोलिन नावाच्या रसायनाचा अगदी अल्प अंश मिसळला. पिल्ले मोठी होऊन परतण्याच्या वेळी एका अनोळखी ओढ्यात तेच रसायन थेंबाथेंबाने सोडले. मासे त्या ओढ्यात शिरले!

सॅमन मेल्यावरही त्याचे काम संपत नाही. अस्वले, गरुड, ऊद त्याला खातात, उरलेसुरले काठावर कुजते. समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये त्याचा एक जड प्रकार थोडा जास्त प्रमाणात असतो. सॅमन येतात त्या नद्यांकाठच्या झाडांचे लाकूड तपासले तर तो जड नायट्रोजन तेथे सापडतो. म्हणजे समुद्राचे खत माशांच्या पोटातून डोंगरातल्या झाडांना मिळते.

आणि माणसांनाही. यूरोक, कारुक, हूपा या जमाती नदीच्या खालच्या भागात, तर क्लॅमथ जमाती वरच्या सरोवराकाठी राहतात. सॅमन हे त्यांचे अन्न, त्यांचा सण, त्यांचा व्यापार. वरच्या क्लॅमथ जमातींनी १८६४ साली अमेरिकेच्या सरकारशी तह केला तेव्हा मासे धरण्याचा हक्क कागदावर राखून ठेवला होता. पण १९१२ च्या सुमारास कोपकोच्या बांधकामाने नदीची वाट बंद झाली आणि हक्क राहिला, मासा राहिला नाही. त्या काठावरच्या चार पिढ्यांनी आपल्या नदीत सॅमन पाहिला नाही.

भिंतीमागे काय घडते

धरण मासा अडवते, हे उघड आहे. पण त्याचे इतर परिणाम चटकन दिसत नाहीत.

वाहती नदी खडी पुढे ढकलत नेते. धरण ती अडवते. मग धरणाखालच्या पात्रात मोठे धोंडे उरतात आणि सॅमनला अंडी घालायला हवी तशी खडी मिळत नाही. उन्हाळ्यात जलाशय तापतो आणि पाण्याचा एवढा साठा लवकर निवत नाही. त्यामुळे सॅमन येण्याच्या वेळी, शरद ऋतूत, खालच्या नदीत जायला हवे त्यापेक्षा कोमट पाणी जाते. तुम्ही मोठ्या पातेल्यातले आणि वाटीतले दूध निवण्याची वेळ मोजून पाहा, म्हणजे हे पटेल. शिवाय साचलेल्या कोमट पाण्यात नील-हरित शेवाळ माजते. क्लॅमथच्या जलाशयांत ते इतके माजे, की पाणी हिरव्या रंगासारखे दिसे आणि त्यातल्या विषामुळे पाण्यात उतरू नका अशा पाट्या लावाव्या लागत.

आणखी एक जीव. सॅमनच्या पिल्लांच्या आतड्यात शिरून त्यांना मारणारा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याचे अर्धे आयुष्य एका लहानशा किड्यात जाते. जोराच्या पुरात खडी गडगडली की हे किडे खरवडून वाहून जातात. धरणाखालच्या एकसारख्या, संथ पाण्यात ते सुखाने वाढतात. पूर हा नेहमीच शत्रू नसतो, हे मला तरी या किड्याने शिकवले.

एक गोष्ट मात्र धरणांच्या माथी मारू नये. २००२ च्या सप्टेंबरात नदीच्या खालच्या भागात किमान ३४ हजार सॅमन काही दिवसांत मेले. वर्ष दुष्काळाचे होते. वरच्या भागातले पाणी शेतीला दिलेले होते. नदी उथळ आणि कोमट झाली आणि दाटीवाटीने थांबलेल्या माशांत कल्ल्यांचा रोग पसरला. या चार धरणांतून शेतीला पाणी दिले जात नव्हते, ती केवळ विजेची होती. तेव्हा हा थेट त्यांचा गुन्हा म्हणता येत नाही. पण काठावर मैलोगणती पडलेले ते मासे पाहून लोकांचे लक्ष साऱ्या नदीकडे वळले. आणि नेमका त्याच वेळी धरणांचा परवाना संपत आला होता.

पन्नास वर्षांचा हिशेब

परवाना कसला? अमेरिकेत नदी कोणा कंपनीच्या मालकीची नसते. खासगी कंपनीला विजेसाठी धरण चालवायचे तर केंद्र सरकारच्या ऊर्जा नियामक आयोगाकडून परवाना घ्यावा लागतो. १९२० च्या कायद्याने ही पद्धत घातली. परवाना जास्तीत जास्त ५० वर्षांचा. मुदत संपण्याच्या पाच-साडेपाच वर्षे आधी कंपनीने आपला विचार कळवायचा, निदान दोन वर्षे आधी अर्ज करायचा. वडिलांना विचारा, वाहन चालवण्याचा परवाना एका वयानंतर नवा करून घेताना डॉक्टरचा दाखला का मागतात? कारण मधल्या वर्षांत माणूस बदललेला असतो. येथे धरण तेच असते, पण नदीविषयीचे ज्ञान आणि देशाचे कायदे बदललेले असतात.

१९८६ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. परवाना देताना विजेबरोबरच मासे, वन्य प्राणी, लोकांचे नौकानयन-पोहणे, ऊर्जेची बचत या गोष्टींचाही सारखाच विचार केला पाहिजे, असे आयोगावर बंधन आले. मूळ कायद्यात आणखी एक कलम होते, अठरावे. मासे आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या सरकारी खात्यांनी ‘या धरणावर माशांसाठी वाट करा’ असे सांगितले, तर ती अट परवान्यात घालावीच लागते. आयोगाला ती नाकारता येत नाही.

म्हणून परवान्याचे नूतनीकरण हा कधीकधी दहा-दहा वर्षे चालणारा अभ्यास होतो. शास्त्रज्ञ पाण्याचे तापमान मोजतात, माशांच्या अंगात खुणेची उपकरणे बसवून त्यांचा माग काढतात, गरुडांची घरटी मोजतात. मग अटी ठरतात: पात्रात अमुक इतके पाणी बारमाही सोडा, टर्बाइन सुरू-बंद करताना पाणी एकदम चढवू-उतरवू नका, पिल्ले टर्बाइनमध्ये शिरू नयेत म्हणून जाळ्या बसवा.

बहुतेक धरणांना अटींसह नवा परवाना मिळतो. ऑरेगनमध्येच डेशूट्स नदीवर पेल्टन-राउंड बट नावाचा प्रकल्प आहे. त्याला २००५ साली ५० वर्षांचा नवा परवाना मिळाला. त्यासाठी जलाशयात एक उंच मनोरा उभारण्यात आला. तो वरचे कोमट आणि तळाचे थंड पाणी हवे त्या प्रमाणात मिसळून सोडतो आणि पृष्ठभागाकडे ओढल्या जाणाऱ्या प्रवाहाने सॅमनची पिल्ले एका ठिकाणी गोळा करतो. उलट मेन राज्यात केनेबेक नदीवरच्या १८३७ सालच्या एडवर्ड्स धरणाला आयोगाने १९९७ साली परवाना नाकारला आणि मालकाची इच्छा नसता धरण काढण्याचा हुकूम दिला. असे पहिल्यांदाच घडले. १९९९ साली ते धरण गेले.

पायऱ्या मोजा

पॅसिफिकॉर्पचा क्लॅमथवरचा ५० वर्षांचा परवाना २००६ च्या मार्चमध्ये संपणार होता. कंपनीने २००४ साली अर्ज केला. त्यात माशांसाठी शिडीची योजना नव्हती. कंपनी तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका वीज कंपनीच्या मालकीची होती. नदीकाठच्या जमातींची माणसे मग २००४ सालीच थेट स्कॉटलंडला गेली आणि भागधारकांच्या सभेबाहेर उभी राहून त्यांनी आपले म्हणणे मांडले. सॅमन स्कॉटलंडच्या नद्यांतही असतो, त्यामुळे तेथल्या लोकांना फार समजावून सांगावे लागले नाही!

इकडे सरकारी खात्यांनी अठरावे कलम काढले आणि सांगितले, शिड्या बांधा. कंपनीने त्यामागच्या शास्त्रीय मुद्द्यांना आव्हान दिले. २००६ साली एका न्यायाधीशापुढे सुनावणी झाली, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची उलटतपासणी झाली आणि बहुतेक मुद्द्यांवर खात्यांचे म्हणणे खरे ठरले. धरणांच्या वरच्या बाजूला सॅमनला राहण्याजोगे पाणी आहे आणि ते तेथपर्यंत पोहोचले तर जगू शकतील, असा त्याचा अर्थ होता.

माशांची शिडी म्हणजे पायरीपायरीने चढत जाणारी पाण्याची कुंडे. एका कुंडातून दुसऱ्यात मासा सहज चढावा म्हणून दर पायरीची उंची सुमारे ३० सेंटिमीटर ठेवतात. आता ५३ मीटर उंचीच्या धरणाला किती कुंडे लागतील? भागाकार करा. जवळजवळ पावणेदोनशे! प्रत्येक कुंडात विसाव्यापुरती जागा हवी, म्हणजे शिडी डोंगराच्या कुशीतून वळणे घेत जाणार. हे एका धरणाचे झाले. शिवाय पिल्लांच्या परतीसाठी जाळ्या आणि वेगळ्या वाटा. सगळा खर्च तीस कोटी डॉलरहून अधिक होईल असा अंदाज निघाला. सर्व अटी पाळून धरणे चालवली तर वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर तोटा येईल, असे आयोगाच्याच २००७ च्या अहवालात दिसले.

मघाचा दोन टक्क्यांचा आकडा आता आठवा. एवढ्याशा विजेसाठी एवढा खर्च करायचा की धरणे काढायची, असा प्रश्न कंपनीपुढे उभा राहिला. माशांवरच्या प्रेमाने नव्हे, वहीतल्या बेरीज-वजाबाकीने. पण ती वजाबाकी खरी झाली ती कायद्याने माशांची वाटही खर्चाच्या रकान्यात लिहायला लावली म्हणून. त्याआधीची पन्नास वर्षे तो खर्च होतच होता. फक्त तो नदीकाठची माणसे देत होती आणि वहीत दिसत नव्हता.

निर्णय झटपट मात्र झाला नाही. धरणे वर्षावर्षाच्या तात्पुरत्या परवान्यावर चालत राहिली. २०१० साली करार झाला, तो अडला, २०१६ साली सुधारला. खर्चासाठी ४५ कोटी डॉलर उभे राहिले. त्यांतले २० कोटी वीज ग्राहकांच्या बिलांतून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. धरणे एका नव्या ना-नफा संस्थेकडे सोपवायची आणि तिने ती काढायची असे ठरले. विरोधही कमी नव्हता. कोपकोच्या तळ्याकाठी लोकांनी घरे बांधली होती, मुले तेथे पोहायला शिकली होती. तळे गेले की विहिरींचे काय, वणवा पेटला तर पाणी कोठून आणायचे, हे त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. त्या परगण्यात २०१० साली लोकांचे मत घेतले तेव्हा मोठ्या बहुमताने धरणे काढण्याविरुद्ध कौल पडला होता. शेवटी १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आयोगाने परवाना परत घेऊन धरणे काढण्यास मंजुरी दिली.

तळाचे दार उघडले

धरण काढणे म्हणजे सुरुंग लावून एकदम उडवणे, असे तुम्हांला वाटले असेल. तसे केले तर खालची गावे वाहून जातील. आधी २०२३ साली लहानसे कोपको क्रमांक २ काढले. मग २०२४ च्या जानेवारीत उरलेल्या तीन धरणांच्या तळाकडची दारे आणि बोगदे उघडून जलाशय हळूहळू रिकामे केले. जानेवारीच का? कारण त्या दिवसांत मुख्य नदीत सॅमन सर्वांत कमी असतात आणि पावसाळी पाण्याने गाळ लवकर वाहून जातो. जलाशयांत एक कोटी घनमीटरांहून अधिक गाळ साचला होता. त्यात मोठा भाग वर्षानुवर्षे मरून तळाशी बसलेल्या शेवाळाचा होता. नदी काही आठवडे काळ्या चहासारखी वाहत होती. उघड्या पडलेल्या चिखलात काही हरणे रुतून मेली. जलाशयात सोडलेले परक्या जातींचे मासेही मेले.

एक चूकही झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस वरच्या मत्स्यबीज केंद्रातून सॅमनची सुमारे ८ लाख ३० हजार पिल्ले नदीत सोडली. आयर्न गेटच्या तळाचा बोगदा तेव्हा अजून शिल्लक होता. त्यातून जाताना पाण्याचा दाब एकाएकी बदलला. सोडावॉटरची बाटली उघडली की काय होते? दाब कमी होताच विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. तसेच पिल्लांच्या रक्तात झाले आणि जवळजवळ सगळी पिल्ले दगावली. त्यानंतर बोगदा निघेपर्यंत पिल्ले धरणाच्या खालीच सोडण्यात आली. माशांना वाचवण्यासाठीच हे चालले होते, पण पाण्याचा दाब हेतू पाहत नाही.

बाकीची तयारी बरीच बारकाईने झाली होती. जुन्या वीजघरांत वटवाघळे राहत, त्यांच्यासाठी दुसरीकडे लाकडी घरे करून टांगली. तळ्यांतली कासवे पकडून सुरक्षित पाण्यात नेली. गरुडांच्या घरट्यांजवळ विणीच्या दिवसांत काम टाळले. उघड्या पडणाऱ्या जमिनीत रानटी तण माजू नये म्हणून जमातींच्या लोकांनी आजूबाजूच्या डोंगरांतून सुमारे शंभर स्थानिक वनस्पतींचे बी आधीच गोळा केले होते. ते वाढवून अब्जावधी बिया पेरल्या. त्या उन्हाळ्यात गाळाच्या करड्या पठारांवर रानफुलांचे ताटवे उठले.

२०२४ च्या ऑगस्टअखेर नदी आपल्या मूळ पात्रातून पुन्हा सलग वाहू लागली आणि ऑक्टोबरच्या आरंभी काम संपले.

परतलेले मासे

काम संपून दोन आठवडे झाले होते. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ऑरेगनच्या मत्स्यखात्याच्या आणि क्लॅमथ जमातींच्या जीवशास्त्रज्ञांना जे. सी. बॉइल धरणाच्या जुन्या जागेच्याही वर, समुद्रापासून सुमारे ३७० किलोमीटरांवर, एका ओढ्यात चिनूक सॅमन दिसला. १९१२ नंतर ऑरेगनच्या त्या पाण्यात पहिल्यांदाच. त्या हंगामात आयर्न गेटच्या जागेवरून हजारो सॅमन वर गेले. पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे मोजणारे यंत्र तेथे बसवले होते, म्हणून हे कळले.

आता तुमच्यातल्या चौकस वाचकाने मला अडवले पाहिजे. सॅमन जन्मलेल्या ओढ्याचा वास ओळखून परततो, असे मघा सांगितले. मग ज्या ओढ्यात एकशे बारा वर्षांत एकही सॅमन जन्मला नाही, तेथे हे मासे कोणाच्या आठवणीवर गेले?

याची दोन उत्तरे आहेत. एक, सगळेच सॅमन घरी परतत नाहीत. दर पिढीत काही थोडे चुकतात, किंवा म्हणा, दुसरीकडे जातात. एखादा ओढा दरड कोसळून बंद झाला तर असे चुकारच जात टिकवतात. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या वितळून मोकळ्या झालेल्या नद्यांतही पहिले सॅमन असेच आले असणार. दुसरे, आयर्न गेटच्या खाली वाढलेल्या पिल्लांनी ज्या पाण्याचा वास घेतला ते पाणी वरूनच येत होते. भिंतीने मासा अडवला, वास अडवला नव्हता. या दोहोंतले कोणते कारण किती, हे सांगायला आणखी काही वर्षांच्या नोंदी लागतील.

सरोवराच्या तोंडाजवळची केनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे अजून जागेवर आहेत. त्यांना माशांच्या शिड्या आहेत. २०२५ च्या शरदात चिनूक त्या शिड्या चढून वरच्या सरोवरापर्यंत पोहोचले. सरोवराचे पाणी अजून उन्हाळ्यात हिरवे होते, शेतीच्या पाण्याचा वाद मिटलेला नाही आणि वरच्या नद्यांच्या काठची झाडी अनेक ठिकाणी उघडीबोडकी आहे.

२०२४ च्या शरदात वरच्या ओढ्यांत घातलेल्या अंड्यांतून पुढच्या वसंतात पिल्ले बाहेर आली आणि नदीबरोबर समुद्राकडे गेली. या खेपेला त्यांच्या वाटेत तळे नव्हते, टर्बाइन नव्हते. तीन-चार वर्षांचा हिशेब धरला तर त्यांतली वाचलेली पिल्ले, पुष्ट मासे होऊन, २०२७ आणि २०२८ च्या शरदात परत येतील. वरच्या क्लॅमथच्या ओढ्यांचा वास जन्मापासून ओळखणारे ते शतकातले पहिले सॅमन असतील.